मुके हॉर्न आणि नानांचा कान

हॉर्न दुरुस्तीच्या दुकानात किस्से जमवावे लागत नाहीत. ते आपोआप साचतात, दुकान झाडताना निघणाऱ्या वायरच्या तुकड्यांसारखे. ब्रेक गेलेला माणूस घाबरून येतो, बॅटरी उतरलेला माणूस गाडी ढकलत येतो, पण हॉर्न गेलेला माणूस नुसता चिडून येतो! गाडी पळतेय, थांबतेय, दिवे लागतायत, फक्त बोलत नाहीये. आणि न बोलता रस्त्यावरून जायची सवय आपल्याकडे आहे कुणाला?

आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान नाशकात आडगाव नाक्याजवळ आहे. आमचं म्हणजे नानांचं आणि माझं. नाना मूळचे सायखेड्याचे, वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे आणि कामात माझे उस्ताद. मी त्यांच्या हाताखाली आलो, पुढे भागीदार झालो, तरी हाक 'नाना' आणि बोलणं 'अहो-जाहो'च राहिलं. ते मला 'मिलिंदा' म्हणतात. चिडले की 'मालक' म्हणतात.

मित्र जमले की म्हणतात, सांग एखादा हॉर्नचा किस्सा. मी सांगतो, ते हसतात. पण सगळे किस्से ओळीनं सांगितले तर हसू कमी होत जातं. म्हणून आज ओळीनंच सांगतो.

*

आधी नानांचा दंडक सांगायला हवा, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

हॉर्न बंद म्हणून गाडी आली की नाना कशालाच हात लावू द्यायचे नाहीत. मी ड्रायव्हरच्या जागेवर बसायचं, चावी फिरवायची आणि नानांनी मान हलवली की हॉर्नचं बटन दाबायचं. नाना बॉनेट उघडून फ्यूजच्या डबीवर वाकायचे आणि कान लावायचे. त्या डबीत हॉर्नचा रिले असतो, काडेपेटीपेक्षा लहान, काळा ठोकळा. बटन दाबलं की तो आतल्या आत 'टिक' करतो आणि हॉर्नला करंट सोडतो.

टिक आली, म्हणजे बटन, फ्यूज आणि रिले ठीक. दोष पुढे, खुद्द हॉर्नमध्ये किंवा त्याच्या वायरीत. टिक आली नाही, तर दोष मागे. बस्स! अर्धं काम तिथंच संपतं, आणि गिऱ्हाईकाचा अर्धा खर्चही.

"टिक ऐकल्याबिगर पार्ट विकायचा नाय," नाना म्हणायचे. "लोक आपल्याकडं हॉर्न वाजवायला येत्यात, आपली दिवाळी करायला नाय."

यामुळे नवीन हॉर्न विकण्यात आमचं दुकान नाक्यावर सगळ्यात मागे होतं आणि गर्दीत सगळ्यात पुढे. नाना टिक ऐकत असताना समोरच्या चहावाल्या शोभाताई स्टोव्हसुद्धा बारीक करायच्या. हायवेवरून ट्रक धडधडत असायचे आणि नानांना त्या गोंधळातून तेवढी एक टिक उचलता यायची. मला ती ड्रायव्हरच्या जागेवरून कधी ऐकू यायची, कधी नाही. त्यांना कायम.

*

मखमलाबादकडच्या एक ताई झेंडू घेऊन रोज पहाटे फुलबाजारात येतात. गाडी स्वतःच चालवतात. एकदा त्यांच्या पिकअपचा हॉर्न गेला. दुसरीकडे दाखवून आल्या होत्या. तिथं त्यांना सांगितलं होतं की हॉर्नची जोडी बदला, वायरिंग बदला, स्टिअरिंगही उघडावं लागेल. ताई रडकुंडीला आल्या होत्या, कारण फुलांचा भाव त्या आठवड्यात पडला होता.

मी बसलो, दाबलं. नाना वाकले. "टिक हाय," म्हणाले आणि थेट पुढच्या जाळीमागे हात घालून हॉर्न काढून आणला. त्याच्या तोंडात चिखल भरलेला! कुंभारमाशीनं आत घर केलं होतं, चांगलं लिंपून, सारवून.

ताई म्हणाल्या, "अगं बाई! आता?"

"आता काय," नाना म्हणाले, "भाडेकरूला जागा खाली करायला लावू."

घर रिकामंच होतं, पिल्लं उडून गेलेली. नानांनी तारेनं चिखल खरवडला, जोडाची जागा पॉलिश पेपरनं घासली, हॉर्न परत बसवला. वाजला! ताईंनी पर्समध्ये हात घातला तर नाना म्हणाले, "मातीचे काय पैसे घ्यायचे?" ताईंनी झेंडूची एक आख्खी परडी दुकानात ठेवली. त्या दिवशी आमचं टूलबॉक्ससुद्धा पूजेला बसल्यासारखं दिसत होतं.

*

मालेगावचे एक यंत्रमागवाले शेठ मुंबईहून परत जाताना आमच्याकडे थांबले. स्टिअरिंगवरचं बटन झिजून गेलं होतं. ड्रायव्हर दिवसभर त्याच्यावर अंगठा ठेवूनच बसायचा, ते तरी बिचारं किती टिकणार! त्या मॉडेलचं बटन नाशकात लगेच मिळणार नव्हतं. मी म्हटलं, आज तसेच जा, उद्या मागवून ठेवतो.

शेठ हात जोडून म्हणाले, "भाई, ब्रेक नसला तर एक वेळ जाईन. हॉर्न के बगैर मालेगावमध्ये शिरायचं? नामुमकिन!"

नानांनी शेजारच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून घराच्या दाराची बेल असते ना, तिचं बटन आणलं. दोन वायरी ओढल्या आणि डॅशबोर्डवर बसवून दिलं. त्याच्यावर घंटेचं चित्रही होतं. दाबलं की रिलेची टिक आणि लगेच हॉर्न! शेठ खूश होऊन गेले. नानांनी बजावलं की हे तात्पुरतं आहे, पुढच्या खेपेला बदलून घ्या.

पुढच्या खेपेला शेठ आले, मी नवं बटन काढून ठेवलं होतं. शेठ म्हणाले, "नको, नको! हेच राहू द्या. आता ड्रायव्हर विचार करून दाबतो. त्याला वाटतं, कोणीतरी दार उघडेल!"

*

पंचवटीतल्या एका घरी वडील वारले. आमचं जुनं गिऱ्हाईक. अंत्ययात्रा अमरधामला पोचली आणि थोरल्या मुलाच्या गाडीचा हॉर्न अडकला. गाडी बंद केली तरी थांबेना. सगळे पांढऱ्या कपड्यांत हात बांधून उभे, गुरुजी मंत्र म्हणायचे थांबलेले आणि हॉर्न भों करून चाललेला. मुलानं मला फोन केला, पण फोनवर त्याचं बोलणं नाही, हॉर्नच ऐकू येत होता. नाना आणि मी स्कूटरवरून निघालो.

मोटारीला बहुतेक दोन हॉर्न असतात, एक जाड आवाजाचा, एक बारीक. दोन्ही मिळून तो गोड आवाज तयार होतो. आम्ही अजून फाटकाच्या बाहेर होतो, गाडी दिसतही नव्हती. नाना माझ्या कानाशी म्हणाले, "एकटा जाडाच वाजतोय. बारका बंद हाय." तसंच निघालं.

नानांनी रिले उपटला आणि एकदम शांतता झाली. इतकी की नदीकडचे कावळे ऐकू यायला लागले. मग तो थोरला मुलगा रडत रडत हसला. वडिलांना ते दादा म्हणत. म्हणाला, "दादा आयुष्यभर कुणासमोर आवाज चढवून बोलले नाहीत. आज सगळं एकदम बोलून घेतलं."

नाना तिथंच थांबले, अग्नी दिल्यावरच निघाले. माझ्या दृष्टीनं त्यांच्या कानाचा तो शेवटचा मोठा पराक्रम. पण तेव्हा हे कुणाला माहीत?

*

आमच्या कॉलनीतल्या एक मॅडम शाळेत शिकवतात. त्यांची छोटी गाडी हॉर्न बंद म्हणून आली. "जयभीम मिलिंद, शाळेची पोरं गाडीसमोरून हलत नाहीत बघ," म्हणाल्या. मी बसलो, दाबलं. टिक आली. मला स्वच्छ ऐकू आली.

नाना सरळ झाले आणि म्हणाले, "टिक नाय. रिले गेला."

मी पुन्हा दाबलं. पुन्हा टिक. नाना पुन्हा वाकले, जास्त खाली, कान जवळजवळ डबीला टेकवून. "नाय," म्हणाले.

मला वाटलं, माझीच चूक. इतकी वर्षं ज्या माणसाचा कान मी पाहिला, त्याच्यापुढे माझा कान काय? रिले बदलला. हॉर्न वाजला नाही. मग शोधता शोधता हॉर्नची गंजलेली वायर सापडली, ती घासली आणि तो वाजला. नाना कुरकुरले, "नवीन रिले बी डुप्लिकेट निघायला लागलेत."

ते जेवायला गेल्यावर मी मॅडमचा जुना रिले बॅटरीला लावून बघितला. टिक! पुन्हा टिक! मी त्या रिलेकडे कितीतरी वेळ बघत राहिलो. रिले मेला असता तर बरं झालं असतं, असं मला खरंच वाटलं.

संध्याकाळी मॅडमच्या घरी जाऊन मी त्यांचा जुना रिले परत बसवून दिला. पैसे परत केले. त्यांनी कारण विचारलं. "नानांनीच पाठवलंय," असं म्हटलं.

त्यानंतर हे वारंवार व्हायला लागलं. ज्या माणसानं आयुष्यात एक पार्ट उगाच विकला नाही, तो आता चांगले रिले काढून नवे बसवत होता, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. नानांचा कान जात होता. नाक्यावर त्यांचं जे नाव होतं, ते त्या कानावरच उभं होतं. आणि हे माहीत असलेला माणूस एकटा मी.

*

एकटा मी, असं मला वाटत होतं.

हॉर्नच्या पाठीला एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवून आवाज बसवायचा असतो. नाना तो कानानं बसवायचे. आता नानांना जो आवाज बरोबर वाटायचा, तो ऐकून समोरचं कुत्रं उठून जायचं! पण गिऱ्हाईक मात्र बेहद्द खूश. "नानांनी काय आवाज काढलाय! नवीन हॉर्नला नाही असा!" लांबून लांबून लोक यायला लागले. हातात जादू आहे म्हणायचे. मीही हसून मान डोलवायचो. इतक्या माणसांत एकालाही वाटलं नाही की आवाज दिवसेंदिवस वाढतोय तो का.

एकदा नाक्यावर ट्रॅफिकच्या हवालदारानं एका गाडीला अडवलं आणि म्हणाला, "आडगाव नाक्यावर बसवलाय ना? नानांकडं?" त्यानं पावती फाडली, आणि ड्युटी संपल्यावर स्वतःची मोटारसायकल घेऊन आमच्याकडेच आला. म्हणाला, "तसाच पाहिजे!"

सगळे हसले. शोभाताई हसल्या नाहीत. त्या चहा घेऊन आल्या, नानांच्या हातात दिला आणि मला जरा बाजूला घेऊन म्हणाल्या, "मिलिंददादा, आधी मी कप बशीवर वाजवला की नाना मान वर करायचे. आता वाजवून वाजवून दमते आणि स्वतः घेऊन येते. त्यांना सांगा ना कुणीतरी."

"तुम्ही सांगा," मी म्हटलं.

"मी?" त्या म्हणाल्या. "मी चहावाली. तुम्ही घरचे."

*

सांगायचं कसं? मी आडवळणानं गेलो. एक टेस्ट लॅम्प आणला. दोन टोकं लावायची, करंट असेल तर बल्ब पेटतो. ऐकायची गरजच नाही. नानांच्या समोर ठेवला आणि म्हटलं, "नाना, आता सगळे हेच वापरतात. आपणही वापरू. कान कशाला शिणवायचा?"

नानांनी तो उलटासुलटा करून बघितला. मग माझ्याकडे बघितलं. त्यांना काय कळलं, काय नाही, मला आजही सांगता येणार नाही.

"मालक," ते म्हणाले.

मी समजलो की ते चिडले आहेत.

"ज्या दिवशी मला बल्ब लावून बघाया लागंल, त्या दिवशी मी दुकानाची पायरी चढणार नाय. सायखेड्याला जाऊन ओट्यावर बसंन. मग तुमी बल्ब लावा नायतर ट्यूबलाइट लावा."

त्यांनी लॅम्प माझ्या हातात परत दिला आणि दुसऱ्या गाडीकडे गेले. मला तेव्हा भीती वाटली ती खरी. मी बोललो तर ते जाणार. नाही बोललो तर त्यांचं नाव जाणार. आणि नानांशिवाय त्या दुकानात मला एक दिवसही काढायचा नव्हता. मी लॅम्प ड्रॉवरमध्ये टाकला आणि गिऱ्हाईकांच्या घरी जाऊन जुने रिले बसवत राहिलो.

*

हरसूलकडचा एक जीपवाला आहे, काशिनाथ. बाजाराच्या दिवशी आसपासच्या पाड्यांवरून माणसं आणतो आणि सोडतो. त्या रस्त्याला वळणंच वळणं. तिथं हॉर्न म्हणजे चैन नाही. वळणापलीकडच्याला आपण दिसत नाही, ऐकूच यावं लागतं.

त्याची जीप आली, हॉर्न कधी वाजे, कधी नाही. मी दाबलं, टिक आली. नाना म्हणाले, रिले. बदलला. आणि नेमका हॉर्न वाजला! काम करताना कुठंतरी वायरीला धक्का लागला असणार, तेवढ्यापुरती ती चिकटली. नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "बघ! रिलेच होता." किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा फुलला होता. मी वायर तपासू या म्हणणार होतो. म्हटलं नाही. दुकानात गाड्यांची रांग होती आणि नाना हसत होते.

काशिनाथ आठवड्यानं परत आला. जीपचा एका बाजूचा आरसा तुटलेला, दारावर लांब ओरखडा.

भांडला नाही तो. खाली उतरला, नानांच्या जवळ गेला आणि हळूच म्हणाला, "नाना, वळणावर दाबला, पन वाजलाच नाय. समोरून टेंपो आला. गाडीत बाया होत्या, पोरं होती. देवाची दया, डोंगराकडच्या अंगाला घासली. दुसऱ्या अंगाला दरीच हाय."

नानांनी त्याला पुन्हा सांगायला लावलं. काशिनाथला वाटलं, धक्का बसला म्हणून विचारतायत. तो तितक्याच हळू आवाजात पुन्हा बोलला. शेवटी मी मोठ्यानं सांगितलं, नाक्यावर सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

त्या जीपची सगळी वायर मी बदलली, पुढून मागे, एक इंचही जुनी ठेवली नाही. काशिनाथ गेला. नाना स्टुलावर बसून होते. मग उठले, हात धुतले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्यानंतरही आले नाहीत. मी त्यांच्या घरी गेलो तर त्यांच्या मिसेस, काकू, दारातच म्हणाल्या, "जरा पडलेत. बोलत नाहीत कुणाशी." आतून टीव्हीचा आवाज येत होता, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल एवढा.

मला वाटलं, संपलं. सायखेड्याचा ओटा.

एका सकाळी मी शटर उघडायला गेलो तर नाना आधीच दारात उभे. काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. आम्ही काम सुरू केलं. पण हॉर्नची गाडी आली की ते दुसरं काहीतरी हातात घ्यायचे आणि मला म्हणायचे, "तू बघ ती."

*

आणि मग देवरे आले.

सकाळची वेळ होती. जुनी पण निगा राखलेली गाडी, आरसे नेहमीपेक्षा मोठे. आधी त्यांच्या मिसेस उतरल्या आणि म्हणाल्या, "हॉर्न वाजत नाहीये. आणि यांना ऐकू येत नाही, तेव्हा काही विचारायचं तर तोंडाकडे बघून सावकाश बोला. नाहीतर मला सांगा."

मी म्हटलं, "मग हॉर्न वाजत नाही हे तुम्हाला कळलं का?"

"नाही हो. मी गप्पा मारत होते. यांनाच कळलं."

देवरे माझ्या तोंडाकडे बघत होते. एकसुरी, जरा मोठ्या आवाजात म्हणाले, "हॉर्न वाजला की स्टिअरिंगला थरथर लागते. आज लागली नाही." अंबडच्या एका कारखान्यात ते पंचिंग मशिनवर होते. कान तिथंच गेले, हळूहळू.

नाना दुसऱ्या गाडीची बॅटरी काढत होते. मी काही म्हणायच्या आत ते आले. "मी बघतो," म्हणाले. मी ड्रायव्हरच्या जागेवर बसलो. नाना बॉनेटखाली वाकले, कान लावला. देवरेही शेजारी उभे राहिले आणि त्यांनी आपलं एक बोट सहज डबीतल्या रिलेवर ठेवलं.

नानांनी मान हलवली. मी दाबलं. टिक आली. मी पुन्हा दाबलं. पुन्हा आली.

नाना सरळ झाले. मग म्हणाले, "टिक नाय. रिले गेला."

देवरे त्यांच्या ओठांकडे बघत होते. त्यांनी मान हलवली. "नाही. रिले चालू आहे," ते म्हणाले. "आमच्या मशिनच्या पॅनलला असेच असायचे. बोटाला लागतंय."

मी खिडकीतून नानांकडे बघत होतो, आणि ते माझ्याकडे. मग त्यांनी आपलं बोट रिलेवर ठेवलं. वायरी सोलून सोलून जाड झालेलं बोट. मला म्हणाले, "दाब."

मी दाबलं.

"परत."

मी परत दाबलं. नानांनी बोट काढलं नाही. तसंच ठेवून ते देवरेंच्या मिसेसकडे वळले.

"ताई," ते म्हणाले, "यांना विचारा, आधी काय गेलं?"

बाईंना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. त्यांनी नवऱ्याकडे वळून, हातानं कानाला खूण करून सावकाश विचारलं. देवरेंनी आठवून सांगितलं, "आधी चिमण्या गेल्या. ते कळलंच नाही. मग कुकरची शिट्टी. मग हिच्या बांगड्या. मग पोरीचा आवाज. बाप्यांचे आवाज लय दिवस राहिले."

नाना ऐकत होते, म्हणजे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ऐकून झाल्यावर ते देवरेंच्या समोर उभे राहिले आणि त्यांना ओठ नीट दिसतील असं, एकेक शब्द तोडून म्हणाले, "माझी टिक गेली."

देवरेंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बाई दुसरीकडे बघायला लागल्या. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसून होतो.

मग नाना माझ्या बाजूला आले आणि दार उघडलं.

"उतर," म्हणाले.

मी उतरलो. ते आत बसले. सीट जरा पुढे घेतली, चावी बघितली, बटनावर अंगठा ठेवला. या जागेवर त्यांना बसलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. मला काय करावं कळेना, मी तिथंच दाराशी उभा.

"उभा काय राह्यला? जा, वाक तिथं," नाना म्हणाले. "मी दाबतो. आली की हात वर कर."